गुंता सैल करणारा पाहुणा



आज आपण एक पांढरी पेटी उघडून बघू या. बघायचंय ते पेटीच्या आत नाही हं, पेटीच्या भिंतीत!

रेवस, बोडणी, साखर-आक्षी, रेवदंडा... आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर बोटी लागल्या की मासळीच्या टोपल्यांशेजारी थर्माकोलच्या पेट्या रचलेल्या दिसतात. खाली बर्फ, मध्ये पापलेट नाहीतर कोळंबी, वर पुन्हा बर्फ. झाकण बसलं, चिकटपट्टी लागली की पेटी निघाली बाजाराला. रिकामी पेटी तुमचा धाकटा भाऊसुद्धा एका हाताने उचलेल. इतकी ती हलकी का? कारण थर्माकोलमध्ये शंभरातले सुमारे अठ्ठ्याण्णव भाग नुसती हवा असते. उरलेले दोन भाग प्लॅस्टिक. त्या प्लॅस्टिकचं नाव पॉलिस्टायरीन.

म्हणजे थर्माकोल हा एक गोठलेला फेस आहे. साबणाचा फेस फुटून जातो, हा तसाच राहतो.

आता विचार करा. प्लॅस्टिकमध्ये इतके बुडबुडे भरायचे कसे? फुंकर मारून तर जमणार नाही. आधी ते प्लॅस्टिक मऊ, पातळ व्हायला हवं, बुडबुडे आले की फुगायला हवं, आणि फुगल्यावर लगेच घट्ट व्हायला हवं. नाहीतर फुगलेली पुरी बसते तसं सगळं खाली बसेल. आधी पातळ, मग घट्ट, आणि तेही अगदी थोड्या वेळात. हे अवघड काम कोण करू शकतं, ठाऊक आहे? तुमच्या गोटी सोड्यातला वायू. कार्बन डायऑक्साइड!

आधी गुंता समजून घेऊ

प्लॅस्टिक वितळलं तरी पाण्यासारखं का वाहत नाही? याचं उत्तर त्याच्या कणांत आहे. पाण्याचा रेणू अगदी छोटा आणि सुटासुटा असतो. प्लॅस्टिकचा रेणू म्हणजे हजारो छोट्या रेणूंची एकामागून एक जोडलेली साखळी. अशा साखळ्यांना पॉलिमर म्हणतात. तुमच्या मोठ्या दादा-ताईंच्या पुस्तकात 'बहुवारिक' हा शब्दही सापडेल. हेर्मान स्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० साली ही लांब साखळ्यांची कल्पना मांडली, तेव्हा बऱ्याच मोठ्या मोठ्या शास्त्रज्ञांना ती पटली नाही. इतका लांब रेणू असूच कसा शकेल, असं त्यांचं म्हणणं. पण स्टाउडिंगर आपल्या म्हणण्याला धरून राहिले, आणि १९५३ साली त्यांना याच कामासाठी नोबेल पारितोषिक मिळालं.

अशा साखळ्या बनवणारा एक मोठा कारखाना आमच्याच जिल्ह्यात आहे. अंबा नदीच्या काठी, नागोठण्याला. तिथे पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनचे साबुदाण्यासारखे दाणे तयार होतात. तेच दाणे पुढे वितळवून कुठे बादली बनते, कुठे डबा, कुठे पिशवी.

आता डोळ्यांसमोर आणा, होडीत पडलेला दोरांचा ढीग. एकही दोर गुंडाळून ठेवलेला नाही. सगळे एकमेकांत अडकलेले. एक टोक धरून ओढलं, तर सगळा ढीगच सरकतो. वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये साखळ्यांची अशीच गत असते. एकीला पुढे जायचं तर बाकीच्यांच्या वेटोळ्यांतून वाट काढावी लागते. म्हणून ते सावकाश, कुरकुरत वाहतं.

वाहायला असा विरोध करण्याच्या गुणाला श्यानता म्हणतात. पाण्याची श्यानता कमी, काकवीची जास्त. मधाची पाण्याच्या काही हजार पट भरेल. आणि वितळलेलं प्लॅस्टिक? ते मधापेक्षाही कितीतरी पटींनी चिवट असतं. ते साच्यात ढकलायला यंत्राला चांगलाच जोर लावावा लागतो.

पातळ करण्याच्या दोन वाटा

थंडीत काकवी बाटलीतून पडता पडत नाही. तेव्हा आई काय करते? बाटली कोमट पाण्यात ठेवते. ही पहिली वाट : उष्णता. प्लॅस्टिकच्या कारखान्यातही हेच करतात. पॉलिस्टायरीन साधारण शंभर अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतं, पण यंत्रातून नीट वाहावं म्हणून ते दोनशे अंशांच्या आसपास तापवतात. उष्णतेने साखळ्या जास्त वळवळतात, एकमेकींतून लवकर निसटतात.

पण उष्णता फुकट मिळत नाही. वीज किंवा इंधन जाळावं लागतं. शिवाय फार तापवलं तर साखळ्याच तुटतात. दूध पातेल्याला लागावं, तसं प्लॅस्टिक पिवळं पडतं.

दुसरी वाट आजीला माहीत आहे. पेज फार घट्ट झाली की ती त्यात थोडं गरम पाणी घालते. पेजेतलं पिष्ट, म्हणजे स्टार्च, हेसुद्धा निसर्गाने बनवलेलं पॉलिमरच बरं का! पाण्याचे छोटे रेणू त्या लांब साखळ्यांच्या मध्ये शिरतात आणि त्यांना सैल करतात.

प्लॅस्टिकमध्ये पाणी असं शिरत नाही. त्याच्यासाठी दुसरा पाहुणा शोधावा लागतो. लहान, गुंत्यात सहज शिरणारा, आग न लागणारा, स्वस्त, आणि काम झालं की मुकाट्याने निघून जाणारा. या सगळ्या अटींत कार्बन डायऑक्साइड छान बसतो.

हा वायू कुठून येतो, असं विचाराल. आपण श्वासातून सोडतो तो हाच. पण कारखान्यांना तो फार मोठ्या प्रमाणावर मिळतो, तो दुसऱ्या कारखान्यांकडून. अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खतकारखाना आहे. तिथे नैसर्गिक वायूपासून अमोनिया बनवतात, तेव्हा कार्बन डायऑक्साइड वेगळा निघतो, आणि तोच अमोनियाशी जोडून युरिया करतात. म्हणजे हा वायू नुसता धुराड्यातून सोडून द्यायचा कचरा नाही. त्याला कामाला लावता येतं.

सुपारीची गंमत

गोटी सोड्याची बंद बाटली उजेडात धरून बघा. आत एकही बुडबुडा दिसत नाही. तरी वायू आत आहेच! तो पाण्यात विरघळलेला आहे, साखर विरघळते तसा. दाब आहे तोवर तो आत राहतो. गोटी आत ढकलली, दाब सुटला, की 'फस्स!'. जितका दाब जास्त तितका वायू जास्त विरघळतो, हा नियम विल्यम हेन्री या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०३ साली सांगितला.

प्लॅस्टिकचंही तसंच. वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये जबर दाबाने कार्बन डायऑक्साइड सोडला, की तो त्यात विरघळतो. बुडबुडे नाहीत हं अजून! वायूचा एकेक रेणू साखळ्यांच्या मधल्या फटींत जाऊन बसतो.

पुन्हा आपला दोरांचा ढीग आठवा. आता त्या ढिगात श्रीवर्धनच्या रोठा सुपाऱ्या ओता. मूठ, दोन मुठी, चार मुठी. सुपाऱ्या दोरांच्या मध्ये शिरल्या, ढीग थोडा फुगला, दोर एकमेकांपासून जरा दूर झाले. आता टोक ओढा बरं! दोर सुपाऱ्यांवरून घसरत सहज निघेल. कार्बन डायऑक्साइड नेमकं हेच करतो. प्लॅस्टिक किंचित फुगतं, साखळ्यांना हालचालीला मोकळी जागा मिळते आणि श्यानता उतरते. फरक एवढाच, की सुपारी जागेवर बसून राहते आणि वायूचे रेणू सारखे नाचत, जागा बदलत असतात. म्हणून ते आणखी चांगलं काम करतात.

किती उतरते? शंभर किलो पॉलिस्टायरीनमध्ये चार-पाच किलो वायू विरघळला, तर श्यानता निम्म्याच्याही खाली येऊ शकते. मूठभर पाहुणे आणि घरभर फरक! आणि जे घट्ट पॉलिस्टायरीन एरवी शंभर अंशांना मऊ पडतं, तेच हा वायू पुरेसा मुरला तर चाळीस-पन्नास अंशांवरही मऊ पडू लागतं.

इथे एखादा चौकस मुलगा हात वर करेल. "बाई, पण तुम्ही दाब देताय ना? दाब दिला तर दोर आणखी आवळले जाणार!" शाब्बास! अगदी बरोबर शंका. नुसत्या दाबाने श्यानता खरोखरच वाढते. म्हणजे इथे दोन कामं उलटसुलट चालू असतात. दाब साखळ्यांना आवळतो आणि विरघळलेला वायू त्यांना सैल करतो. कार्बन डायऑक्साइड इतका भरपूर विरघळतो की या ओढाताणीत सैल करणारा जिंकतो. त्याच्या जागी नायट्रोजन घेतला, तर तो फारच थोडा विरघळतो आणि श्यानता तेवढी उतरत नाही. म्हणजे किमया नुसत्या दाबाची नाही. कोण पाहुणा किती संख्येने आत शिरला, त्याची आहे.

पाहुण्याला प्रत्येक घरात सारखी जागा मिळत नाही, हेही लक्षात ठेवा. नागोठण्याला बनणाऱ्या पॉलिएथिलीन-पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या थंड झाल्यावर काही भागांत नीट घड्या घालून बसतात, कपाटातल्या साड्यांसारख्या. त्या घड्यांत वायूला शिरता येत नाही. ते वितळले, घड्या मोडल्या, की मगच सगळीकडे वाट मिळते.

आणखी एक मजा सांगते. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांपेक्षा जास्त तापमानाला, हवेच्या सुमारे ७३ पट दाबाहून जास्त दाबाखाली ठेवला, की तो ना धड वायू राहतो ना धड द्रव. वायूसारखा बारीक फटींत शिरतो आणि द्रवासारखा दाट असतो. ३१ अंश म्हणजे काय हो? अलिबागेतली रोजची दुपार! एवढ्या साध्या तापमानाला हे जमतं, म्हणूनही शास्त्रज्ञांना हा पाहुणा आवडतो. उष्णतेने बिघडणारी काही औषधं पॉलिमरमध्ये मिसळायची असतील, तर पॉलिमर तापवण्याऐवजी या वायूने मऊ करून ती मिसळता येतात.

जाता जाता घट्ट करून जातो

आता आपल्या फेसाकडे वळू. यंत्रात वितळलेलं पॉलिस्टायरीन आहे, त्यात वायू मुरलेला आहे, म्हणून कमी तापमानालाही ते वाहतंय. यंत्राच्या तोंडातून ते बाहेर पडतं आणि दाब एकदम सुटतो. गोटी सोड्यासारखंच! विरघळलेला वायू बाहेर यायला धडपडतो, लाखो बारीक बुडबुडे होतात आणि प्लॅस्टिक फुगतं.

इथेच खरी गंमत आहे. वायू साखळ्यांमधून निघून बुडबुड्यात गेला, म्हणजे दोरांतल्या सुपाऱ्या बाहेर पडल्या. दोर पुन्हा आवळले! बाहेरच्या हवेने प्लॅस्टिक थंडही होत असतं. त्यामुळे बुडबुडा फुगतो न फुगतो तोच त्याची भिंत घट्ट होते आणि फेस जागच्या जागी गोठतो. आत आला तेव्हा त्याने मऊ केलं, निघाला तेव्हा फुगवलं, आणि त्याच्या जाण्यानेच घट्ट झालं. एका पाहुण्याने तिन्ही कामं केली.

अर्थात हे सगळं वेळेत जमावं लागतं. पाव करणाऱ्या काकांना विचारा. पावाच्या पिठात यीस्टमुळे हाच वायू तयार होतो. पीठ फार सैल असेल तर बुडबुडे फुटून पाव बसतो, फार घट्ट असेल तर फुगतच नाही. प्लॅस्टिकचंही तसंच. म्हणून किती वायूने श्यानता किती उतरते, हे आधी मोजून ठेवावं लागतं.

द्रव कसे वाहतात, चिवट पॉलिमर कसे वागतात, हा मोठा अभ्यासाचा विषय आहे. आपल्या मराठी मुलांना अभिमान वाटावा असं एक नाव त्यात आहे : डॉ. रघुनाथ माशेलकर. १९४३ साली गोव्यातल्या माशेलला जन्म, मुंबईत गरिबीत बालपण, अनवाणी शाळा. पुढे त्यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमरचे द्रव कसे वाहतात आणि छोटे रेणू पॉलिमरमधून कसे वाट काढतात, यावर संशोधन केलं. १९८९ साली ते त्या प्रयोगशाळेचे संचालक झाले.

आकाशातलं भोक आणि वाळूतले मणी

"पण बाई, याचा आपल्याला काय उपयोग?" असं कुणी विचारलं तर मला आवडेल. ऐका.

पूर्वी फेसाचे पातळ तक्ते फुगवायला क्लोरोफ्लुरोकार्बन नावाचे वायू वापरत. ते आकाशात उंच जाऊन ओझोनचा थर खातात, हे कळल्यावर जगातले देश एकत्र आले. १६ सप्टेंबर १९८७ला कॅनडातल्या माँट्रियल शहरात करार झाला. १९९२ साली भारतही त्यात सामील झाला. मग दुसरे पाहुणे शोधणं आलं. अमेरिकेतल्या डाऊ केमिकल या कंपनीने फक्त कार्बन डायऑक्साइड वापरून पॉलिस्टायरीनचे तक्ते फुगवण्याची पद्धत काढली. त्यासाठी तिला १९९६ साली तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या नावाचं हरित रसायनशास्त्राचं पारितोषिक मिळालं. मासळीच्या पेटीचं मण्यामण्यांचं थर्माकोल मात्र वेगळ्या पाहुण्याने फुगतं. त्याचं नाव पेंटेन. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण पेट घेतो, म्हणून जपून वापरावा लागतो.

आता एक प्रश्न तुम्हाला. कार्बन डायऑक्साइडने पृथ्वी तापते, हे तुम्ही शाळेत शिकता. मग तो प्लॅस्टिकमध्ये भरला म्हणजे हवेतला कमी झाला का? नाही. तो काही दिवसांतच फेसातून निसटतो आणि हवेत परत येतो. आपण तो उसना घेतलेला असतो. फायदा वेगळाच आहे. ओझोन वाचतो, आणि प्लॅस्टिक कमी तापवावं लागलं तर इंधन वाचतं. हा फायदा खरा आहे, पण आहे त्यापेक्षा मोठा करून सांगू नये.

आणि एक गोष्ट कुठल्याच पाहुण्याने सुटत नाही. वायू निघून जातो, पॉलिस्टायरीन मागे राहतं. वरसोली, आक्षी, नागावच्या वाळूत भरतीच्या रेघेवर पांढरे मणी पाहिलेत ना? ते कुजत नाहीत. फक्त बारीक बारीक होत जातात. हरिहरेश्वर, दिवेआगरला ज्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, त्याच समुद्रात ते तरंगतात. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या ताटल्या, पेले आणि सजावटीच्या सामानावर बंदी आली ती याच जातीच्या कचऱ्यामुळे. शास्त्रज्ञांनी हवेचा विचार करून पाहुणा बदलला. वाळूचा विचार करून पेटी पुन्हा पुन्हा वापरणं, फुटली तर समुद्रात न टाकणं, मखर कागद-कापडाचं करणं, हे काम शास्त्रज्ञांचं नाही. आपलं आहे.

करून पाहा

१. तीन सारख्या वाट्यांत एकेक चमचा काकवी किंवा मध घ्या. एक वाटी थंड जागी ठेवा. दुसरी मोठ्या माणसांच्या मदतीने कोमट पाण्यात धरा. तिसरीत पाण्याचे पाच-सहा थेंब घालून ढवळा. आता ताट तिरकं धरून तिन्हींचा एकेक थेंब वरच्या कडेला सोडा. खाली यायला किती आकडे मोजावे लागतात, ते वहीत लिहा. काकवी काही प्लॅस्टिक नव्हे, आणि पाणी म्हणजे वायू नव्हे, पण पातळ करण्याच्या दोन्ही वाटा तुम्हाला डोळ्यांनी दिसतील.

२. सोड्याची बंद बाटली नीट बघा, मग उघडा आणि पेल्यात ओतून चार मनुका टाका. मनुका खालीवर का नाचतात, त्याचं उत्तर स्वतः शोधा.

पालकांना एक विनंती : थर्माकोल तापवण्याचा किंवा जाळण्याचा प्रयोग मुलांना करू देऊ नका, त्याचा धूर विषारी असतो. आईस्क्रीमसोबत येणारा सुका बर्फ बंद बाटलीत तर मुळीच ठेवू नका. तो म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइडच. त्याचा वायू झाला की बाटली फुटते.

आणि हा या आठवड्याचा प्रश्न. गार सोडा आणि उन्हात ठेवलेला सोडा, दोन्ही बाटल्या एकदम उघडल्या तर जास्त फसफसेल कोणता? का? उत्तर कारणासकट लिहून पाठवा. नुसतं 'गार' किंवा 'गरम' लिहिलंत तर निम्मेच गुण!

भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमच्या बाई